वर्गणीचं पावती पुस्तक ते ग्रँटचं प्रपोजल : कोल्हापुरातनं सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या तालमीच्या मंडळात वर्गणी मागायला बाहेर पडायच्या आधी एक काम ठरलेलं असायचं, गेल्या वर्षीचा जमाखर्च फळ्यावर लिहायचा, फळा दारात लावायचा आणि मगच पावती पुस्तक हातात घ्यायचं. मंडपाला किती, लाईटला किती, प्रसादाला किती, शिल्लक किती. पोरवयात मला ते उगीचचं काम वाटायचं. 2019 च्या पुरात मदतकार्यात पडलो आणि पुढं एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेसाठी प्रपोजल, म्हणजे ग्रँट (कामासाठीचा निधी) मागणारे अर्ज, लिहायला लागलो तेव्हा कळलं की जिनिव्हात बसलेला डोनरसुद्धा आधी फळाच बघतो, तुमची भाषा नंतर.

आता एमएसडब्ल्यू झालेली पोरं-पोरी, नोकरी सोडून सामाजिक कामात यायचं म्हणणारे, गावाकडच्या ट्रस्टचे सेक्रेटरी असे बरेच जण विचारतात, दादा हे ग्रँट रायटिंग म्हणजे करायचं काय, इंग्रजी लई भारी लागतं काय. इंग्रजी कामापुरतं लागतं. खरा वेळ मोजण्यात, विचारण्यात आणि जुळवण्यात जातो, लिहिणं शेवटी येतं. म्हणून मी ज्या क्रमानं काम करतो त्याच क्रमानं इथं सांगतोय.

पैसा येतो कुठनं, हे आधी

आंतरराष्ट्रीय मदत संस्थांचा पैसा चार-पाच वाटांनी येतो. एक सरकारं, म्हणजे युरोपियन युनियनचं मदत खातं, ब्रिटनचं परराष्ट्र खातं वगैरे. दुसरं संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफ, डब्ल्यूएफपी (जागतिक अन्न कार्यक्रम) यांसारख्या संस्था, ज्या स्वतः पैसा उभा करतात आणि पुढं कामासाठी भागीदार संस्थांना देतात. मग फाउंडेशन, मग कंपन्या, आणि साधी माणसं जी महिन्याला थोडे थोडे देतात. नवीन माणसाला पहिले तीनच दिसतात कारण आकडा मोठा असतो. पण जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि 1 जुलै 2025 ला यूएसएड ही अमेरिकेची मदत संस्थाच बंद झाली, तेव्हा एकाच डोनरवर उभ्या असलेल्या कितीतरी संस्थांना चालू काम मधेच सोडायला लागलं, माणसं कमी करायला लागली, दवाखाने बंद करायला लागले. याच्या उलट एमएसएफ, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, बघा, 1971 ची डॉक्टरांची संस्था, तिचा 90 टक्क्यांहून जास्त पैसा खाजगी देणगीदारांकडनं येतो, म्हणून 2016 मध्ये युरोपियन युनियनचं निर्वासित धोरण पटलं नाही तेव्हा तिनं तो सरकारी निधी घेणं थांबवलं आणि तरी काम चालू राहिलं. तुम्ही कुठल्याही संस्थेत जॉईन झालात की पहिल्या आठवड्यात तिचा मागच्या तीन वर्षांचा पैसा कुठल्या वाटेनं आला ते एका कागदावर मांडा, त्यावरनं तुमचं पुढचं वर्षभराचं काम दिसतं.

2016 मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या डोनर आणि संस्थांनी ग्रँड बार्गेन नावाचा करार केला, त्यात 25 टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडं जाईल असं ठरलं होतं. ते गाठलं गेलं नाही. पण प्रपोजलमध्ये स्थानिक लोकांचा निर्णयात काय वाटा आहे हा प्रश्न आता जवळपास सगळे विचारतात, आणि कोल्हापूरच्या माणसाकडं याचं उत्तर जिनिव्हातल्या माणसापेक्षा चांगलं असतं, ते नीट मांडायला शिकायचं.

कागदाची फाईल

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथंच सगळ्यात जास्त अर्ज बाद होतात.

संस्था ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 8 ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी म्हणून. मग पॅन, 12एबी (संस्थेला आयकरात सूट), 80जी (देणगीदाराला करात वजावट), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, विश्वस्तांची यादी, बँकेचा रद्द चेक. कंपनीचा सीएसआर पैसा, म्हणजे तिला कायद्यानं सामाजिक कामावर खर्च करायला लागणारा पैसा, घ्यायचा तर सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घ्यायचा, हे 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचं आहे. एक लक्षात असू द्या, 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, मी लोकांच्या तोंडात बसलेली जुनी नावं वापरतोय, फॉर्म मात्र सीएला विचारूनच भरा.

आता एफसीआरए. हे नीट वाचा कारण यात चूक झाली तर माफी नाही. परदेशी पैसा घ्यायचा तर 2010 च्या एफसीआरए कायद्याखाली गृह मंत्रालयाची नोंदणी नाहीतर त्या कामापुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चालू असावी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान 15 लाख खर्च झालेला असावा. नोंदणी पाच वर्षांची. पैसा पहिल्यांदा नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, तुमचं खातं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत असलं तरी आधी तिथंच. 2020 च्या दुरुस्तीनं दोन गोष्टी बदलल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरनं 20 टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेनं परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं, दुसऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असली तरी. म्हणजे दिल्लीतली मोठी संस्था शिरोळच्या ट्रस्टला परदेशी ग्रँटमधनं वाटा देऊ शकत नाही. अजून बरेच जण जुन्या सवयीनं प्रपोजलमध्ये 'लोकल पार्टनरला सब-ग्रँट' अशी ओळ टाकतात आणि ते प्रपोजल पहिल्या चाळणीत बाद होतं.

आपल्याकडं हमखास होणारा घोळ सांगतो. दुबईतला चुलत भाऊ, पासपोर्ट भारतीय, स्वतःच्या पगारातनं बँकेमार्फत पाच हजार पाठवतो, हे परदेशी योगदान धरलं जात नाही. पण अमेरिकेतल्या मावशीनं तिथलं नागरिकत्व घेतलंय तर तिचे पाच हजार परदेशी पैसा, तिच्याकडं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परदेशी पाहुण्यानं तुमच्या स्टॉलवर रुपयात पाचशेची नोट दिली तरी तो परदेशी पैसाच. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून लोक पासपोर्टचं विचारत नाहीत. विचारा. मी सरळ सांगतो की मावशी, कायद्यानं लागतंय, आणि आजपर्यंत कुणी रागावलेलं नाही.

गावात जा, मग लॅपटॉप उघडा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीपण घालवा.

2019 ला बाहेरनं ट्रकच्या ट्रक मदत आली, मनापासनं आली, पण त्यात जुन्या कपड्यांचे ढीग होते आणि चाऱ्याचा ट्रक शोधून सापडत नव्हता. चिखली-आंबेवाडीकडं किंवा शिरोळ तालुक्यात पाणी चढायला लागलं की सांगूनसुद्धा माणूस घरातनं का निघत नाही हे गावात बसल्याशिवाय कळत नाही. गोठ्यात म्हैस असते. म्हैस म्हणजे दूध संस्थेचं दहा दिवसाचं बिल, आणि त्या बिलावर किराणा, पोरांची फी, भिशी सगळं चाललेलं असतं. जनावराची सोय झाली की घर रिकामं होतं, नाहीतर बाप मागं राहतो आणि नंतर बोट पाठवायला लागते. मी पहिल्यांदा प्रपोजलमध्ये चारा आणि जनावरांच्या छावणीचा खर्च टाकला तेव्हा परदेशातल्या बाईंनी विचारलं, ही माणसांसाठीची ग्रँट आहे ना. बरोबर प्रश्न होता, कारण मी म्हैस आणि माणसाचा संबंध लिहिलाच नव्हता. मग दहा दिवसाच्या बिलाचं गणित लिहिलं आणि लेग्जचा दाखला दिला. लेग्ज म्हणजे आपत्तीत जनावरांसाठीच्या मदतीची आंतरराष्ट्रीय मानकं, पहिली आवृत्ती 2009 ची. ओळ मंजूर झाली.

तर गावात जाऊन करायचं काय. ग्रामसेवक आणि तलाठ्याला भेटा, मागच्या पुराचे पंचनामे किती झाले, किती कुटुंबं हलवली, कुठल्या शाळेत हलवली हे विचारा. आशाताईंना भेटा, गरोदर बायका, डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले किती हे त्यांना तोंडपाठ असतं. मग बायकांचा वेगळा गट बसवा, पुरुषांसमोर संडासाचा आणि पॅडचा विषय निघत नाही. गावाच्या कडेच्या वस्तीत वेगळं जा, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बसून मिळालेल्या यादीत ती घरं कधी कधी नसतात, भाड्यानं राहणारे आणि ऊसतोड मजूर तर नसतातच. मदत गरजेप्रमाणं द्यायची, जात-धर्म-पक्ष बघून नाही, हे रेडक्रॉसच्या तत्त्वांमधलं निःपक्षपातीपणाचं तत्त्व, आणि ते पाळलं जातं की नाही हे यादीवरच ठरतं. सरकार काय देणार आहे तेही लिहून घ्या, एनडीआरएफची टीम, धान्य, सानुग्रह रक्कम, म्हणजे तुम्ही तेच परत मागणार नाही.

मिळालेले आकडे मग मानकांना लावून बघायचे. स्फिअर नावाची मानकं आहेत, बहुतेक मानवतावादी डोनर ती मानतात. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं, सुरुवातीच्या दिवसांत 50 माणसांमागं एक संडास आणि पुढं 20 माणसांमागं एक, डोक्यावर छप्पर माणशी किमान साडेतीन चौरस मीटर. समजा शाळेत 600 माणसं आलीत. पाणी रोज 9 हजार लिटर, म्हणजे 5 हजार लिटरचे दोन टँकर. संडास सुरुवातीला 12, मुक्काम लांबला तर 30. शाळेत चालू संडास सहाच असतील तर कमी पडणारे सहा ही तुमची मागणी. 'पूरग्रस्तांची भीषण अवस्था' असं दोन पानं लिहिण्यापेक्षा हे 12 वजा 6 वाचणाऱ्याला लवकर कळतं.

हे सगळं एप्रिल-मे मध्ये करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी 39 ला असताना प्रपोजल लिहायला बसलात तर उशीर झालेला असतो. 2019 ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि 2021 ला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बघता बघता पाणी चढलं. स्टार्ट फंडसारखे काही निधी अलर्ट मिळाल्यापासून 72 तासांत निर्णय घेतात, पण त्याचा फायदा ज्याच्याकडं आकडे, दर आणि याद्या आधीच तयार आहेत त्यालाच. शिवाय हल्ली पूर यायच्या आधीच, इशारा मिळाल्यावर पैसे सोडायची पद्धत वाढतीये, त्यात तुम्हाला आधीच लिहून द्यायचं असतं की अमुक पातळीला अमुक काम सुरू करू. आपल्याकडं तर ते फूट रोज व्हॉट्सॲपवर फिरत असतात.

कुणाकडं मागायचं

प्रत्येक कॉलला, म्हणजे डोनरनं अर्ज मागवले की प्रत्येक वेळी, अर्ज करायचा मोह होतो. नका करू. गाईडलाईन तीनदा वाचा, पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा पेन घेऊन, तिसऱ्यांदा संस्थेतल्या अकाउंटंटला शेजारी बसवून. रक्कम आपल्या वार्षिक उलाढालीच्या मानानं झेपेल का, देश आणि विषय बसतो का, कागद पूर्ण आहेत का, आणि हे काम आपण ग्रँट नसती तरी केलं असतं का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही असेल तर मी अर्ज करत नाही, डोनरच्या आवडीप्रमाणं काम बदलत गेलेल्या संस्था मी बघितल्यात आणि त्यांच्या गावांचं नुकसान झालेलं बघितलंय.

सीएसआरचं गणित वेगळं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणं नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यातलं एक जरी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के खर्च करायला लागतात. आपत्तीतली मदत आणि पुनर्वसन त्यांच्या मान्य यादीत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या सगळ्या फाउंड्री या मर्यादेत येत नाहीत, पण मर्यादेत न येणारा मालक स्वतःच्या नावानं देणगी देतो, आणि आपल्याकडं अशी माणसं लई आहेत. त्याला सीएसआरचं प्रेझेंटेशन दाखवू नका, त्याच्या कारखान्यातले किती कामगार पुरात अडकले होते ते विचारून बोलणं सुरू करा. कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं, जानेवारीनंतर घाईत उरलेला पैसा मिळतो पण नियोजनातला पैसा हवा असेल तर वर्ष सुरू व्हायच्या आधी भेटायला लागतं.

साध्या देणगीदाराला कमी लेखू नका. पावती त्याच आठवड्यात, 80जी साठी पॅन घेतलेला, दोन हजारांच्या वर रोख घ्यायची नाही कारण रोख रकमेवर त्याला वजावट मिळत नाही, आणि 31 मे च्या आत 10बीडी (देणग्यांची माहिती देणारा आयकराचा फॉर्म) भरून त्याला सर्टिफिकेट. जुन्या करपद्धतीत असेल तरच त्याला वजावटीचा फायदा आहे हेही खरं सांगा. आणि फोन करा. काही मागायला नाही, त्याच्या पैशाचं काय झालं ते सांगायला.

आणखी एक. 'परदेशी फंड मिळवून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारे भेटतील, 'तुमची संस्था निवडली गेलीये, प्रोसेसिंग फी भरा' असे मेल येतील. खरा डोनर पैसे द्यायच्या आधी पैसे मागत नाही. तुम्हालाही कुणी टक्केवारीवर प्रपोजल लिहायला सांगितलं तर नाही म्हणा, फंडरेझर लोकांच्या व्यावसायिक आचारसंहितेत टक्केवारीवर काम करायला मनाई आहे. पगार घ्या नाहीतर ठरलेली फी घ्या, हक्कानं घ्या.

लिहिताना

आधी दोन पानांची कन्सेप्ट नोट, ती आवडली की पूर्ण प्रपोजल मागतात. मी पहिला मसुदा मराठीत लिहितो. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की तयार वाक्यं हातातनं यायला लागतात, सक्षमीकरण, शाश्वत, समग्र, आणि चार पानं होतात पण गाव कुठं दिसत नाही. मराठीत लिहिताना मनात सरपंच वाचणार असं धरलं की फुगवून लिहायला हात धजत नाही. मग इंग्रजी करतो, छोटी वाक्यं, आणि एखाद्या चांगल्या इंग्रजीवाल्याकडनं तपासून घेतो. एआयकडनं व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण त्याला आकडे आणि गावाची परिस्थिती लिहायला सांगू नका, ते बिनदिक्कत रचून देतं आणि खाली सही तुमच्या संस्थेची असते.

लॉगफ्रेम, म्हणजे सगळ्या कामाचा एका तक्त्यातला आराखडा, बघून नवीन माणूस घाबरतो. चार रांगा, चार रकाने, बस. आपलंच उदाहरण घेऊ. कृती म्हणजे टँकर लावणं, क्लोरीन टाकणं. आउटपुट म्हणजे 600 माणसांना 14 दिवस रोज 15 लिटर सुरक्षित पाणी मिळालं. आउटकम म्हणजे शाळेत जुलाबाची साथ आली नाही. आणि वरचं उद्दिष्ट म्हणजे पुराच्या काळात माणसं निरोगी राहिली. आता प्रत्येक रांगेपुढं इंडिकेटर, ते तपासायचं कशावरनं, आणि गृहीतक. पाणी सुरक्षित आहे याचा इंडिकेटर नळाला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन, तपासणी टेस्ट किट आणि सही असलेल्या वहीवरनं, जुलाबाचं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरवरनं. गृहीतकाच्या रकान्यात लोक 'सरकारी सहकार्य मिळेल' असं काहीतरी टाकून मोकळे होतात. आपल्याकडं खरं गृहीतक आहे रस्ता. 2019 ला आणि 2021 ला पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी येऊन तो बंद पडला होता, तेव्हा टँकर आणि धान्य नदीच्या कुठल्या बाजूला आधीच ठेवणार हे लिहा. तो रकाना असा भरलेला बघून मला एका डोनरनं फोन करून विचारलं होतं की हे कुणी लिहिलं.

फोटो आणि गोष्टी. छातीभर पाण्यातनं चाललेल्या बाईचा फोटो टाकून पैसा येतो हे मला माहीत आहे. मी टाकत नाही. ज्या माणसाचा फोटो त्याला तो कुठं छापणार हे त्याच्या भाषेत सांगून लेखी परवानगी घ्यायची, पोराचा असेल तर आई-बापाची घ्यायची आणि पोरालाही विचारायचं, नाव बदलायचं, आणि नाही म्हटलं तरी मदतीचं किट मिळणारच हे परवानगी मागायच्या आधी सांगायचं. छावणीत रांगेत उभा असलेला माणूस उद्या परत बाजारात हिमतीनं फिरणार आहे, त्याला पोस्टरवर स्वतःला बघायला कसं वाटेल एवढं बघा.

सेफगार्डिंगची पॉलिसीपण मागतात, म्हणजे मदत देणाऱ्या माणसानं मदतीच्या बदल्यात कुणाचा गैरफायदा घेतला तर तक्रार कुठं करायची. इंटरनेटवरनं उतरवून जोडू नका. तक्रारीचा फोन नंबर छावणीच्या भिंतीवर मराठीत लावा आणि तो उचलणारी बाई असू द्या.

बजेट

कथा आणि बजेट एकाच माणसानं जुळवायचं. माझं एक प्रपोजल यावरच परत आलं होतं, मजकुरात 600 माणसं आणि एक्सेलमध्ये 640, कारण मधे गावानं यादी सुधारून दिली होती आणि मी एकीकडं बदललं, दुसरीकडं राहिलं. चाळीस माणसांचा फरक वाचणाऱ्याला संशयाचा वाटतो आणि तो चुकीचा नाही. आता मी शेवटच्या दिवशी फक्त आकडे वाचतो, मोठ्यानं, शेजारी कुणीतरी एक्सेल धरून.

दर बाजारातनं आणा, तीन कोटेशन, लक्ष्मीपुरीत धान्याचे तीन दुकानदार पायाखाली घालायला एक दुपार पुरते. टँकरचा दर समजा खेपेला दोन हजार, रोज दोन, 14 दिवस, 28 खेपा, 56 हजार. 600 माणसं, 14 दिवस, म्हणजे माणशी दिवसाला सात रुपयांच्या आत. हा माणशी आकडा काढून लिहाच, डोनर तो स्वतः काढतोच, तुम्ही आधी काढलात तर कुठं महाग पडतंय ते तुम्हालाच आधी दिसतं. नवीन माणूस विसरतो त्या गोष्टी म्हणजे हमाली, पॅकिंग, गोडाऊनचं भाडं, जीएसटी, पुरात वाढणारा गाडीभाड्याचा दर, ऑडिट फी, आणि स्वतःच्या माणसांचा पगार. पगार लपवू नका. लिस्ट बनवणारा, वाटणारा, हिशोब ठेवणारा माणूस फुकट कसा मिळेल. ऑफिसचं भाडं, लाईट बिल अशा अप्रत्यक्ष खर्चासाठी संयुक्त राष्ट्रांच्या बऱ्याच संस्था 7 टक्क्यांपर्यंत देतात, पण तेवढ्यासाठीही गाईडलाईन बघा, आणि परदेशी पैसा असेल तर वर सांगितलेली 20 टक्क्यांची मर्यादा आहेच.

पाठवणं आणि वाट बघणं

डेडलाईन जिनिव्हाच्या संध्याकाळी पाचची असेल तर आपल्याकडं उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. त्या रात्री लाईट जाते, पोर्टल अडकतं, पीडीएफ मोठी पडते. आदल्या दिवशी पाठवा.

नकार येतात. माझी पहिली चार प्रपोजल गेली, पाचवं अर्धं मंजूर झालं. नकार आला की दोन ओळींचं आभाराचं मेल आणि फीडबॅक मागा, दहातले सात उत्तर देणार नाहीत पण तीन देतात आणि त्यातनं खूप शिकायला मिळतं. गावातल्या लोकांना मात्र मंजुरीच्या आधी काही कबूल करू नका. हा नियम मी एकदा मोडला, एका वस्तीत 'नक्की होणार' म्हणून बसलो, ग्रँट आली नाही, आणि त्या आजींसमोर परत जाऊन सांगायला लागलं. त्यांनी चहा दिला. मी मात्र त्यानंतर 'अर्ज केलाय' याच्या पुढं एक शब्द बोलत नाही.

पैसा आल्यावर

करार पूर्ण वाचा, रिपोर्टच्या तारखा त्याच दिवशी कॅलेंडरवर. प्रत्येक बिल संस्थेच्या नावाचं, प्रत्येक वाटपाची सही किंवा अंगठा असलेली यादी, एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख द्यायचे नाहीत. परदेशी आणि देशी पैशाची खाती आणि वह्या वेगळ्या. एफसीआरएचा एफसी-4 रिटर्न 31 डिसेंबरच्या आत.

काम ठरल्याप्रमाणं होत नाही तेव्हा काय करता यावर पुढची ग्रँट ठरते. रस्ता बंद पडला, टँकर पोचले नाहीत, पैसे उरले. नवीन माणूस गप्प बसतो आणि शेवटच्या रिपोर्टमध्ये कसंतरी बसवतो. त्याच आठवड्यात मेल करा, काय झालं, किती उरले, ते कशावर खर्च करायची परवानगी हवी, किंवा तेवढ्याच पैशात मुदत वाढवून हवी. लेखी उत्तर आल्याशिवाय एका ओळीचा पैसा दुसऱ्या ओळीला हलवायचा नाही. मी असं कळवलेल्या एकाही वेळी डोनर चिडलेला बघितला नाही, आणि मागाहून कळलेल्या एका प्रकरणात एका संस्थेला सगळी रक्कम परत करायला लागलेली बघितलीये.

रिपोर्ट डोनरला जातो त्याच दिवशी त्याचं मराठी एक पान करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो, किती आले, किती खर्चले, कशावर. एकदा एका मावशींनी ते वाचून विचारलं की टँकर 28 लिहिलेत पण रविवारी तर एकच आला होता. वही काढून बघितली, बरोबर होत्या. बिल दुरुस्त करून घेतलं, डोनरला कळवलं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर येत्या रविवारी पूररेषेतलं एक गाव धरा, ओळखीचं असेल तर उत्तम. ग्रामसेवक, आशाताई, दूध संस्थेचा सेक्रेटरी आणि बायकांचा एक गट, चार भेटी. परत आल्यावर एकच पान लिहा, किती माणसं, किती जनावरं, कुठल्या शाळेत जातात, तिथं संडास किती, पाणी किती, कमी किती पडतंय, दर काय. ते पान घेऊन सोमवारी त्याच ग्रामसेवकाला वाचायला द्या आणि तो जिथं पेननं खोडेल तिथं दुरुस्त करा.